तळ्यासह जमीन घेताना पैसे कशाचे मोजायचे?

माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या भागात जमिनीचा सौदा सुरू झाला की एक वाक्य ठरलेले असते: "शेततळं आहे, म्हणून एकरी दोन-अडीच लाख जादा." घेणाऱ्यालाही ते लगेच पटते. २०१२-१३ च्या दुष्काळात डाळिंबाच्या आणि द्राक्षाच्या बागा टँकरने पाणी घालून जगवलेली माणसे अजून त्या उन्हाळ्याबद्दल बोलतात. अशा मुलखात माळावर निळेशार पाणी दिसले की आकडेमोड मागे पडते. म्हणून ती जमीन बघायला जाण्याआधीच करून ठेवावी.

या हिशेबाच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. शेततळे पाणी साठवते, निर्माण करत नाही. तेव्हा जादा पैसे मोजायचे ते त्या तळ्यात दरवर्षी कोणत्या हक्काने आणि किती पाणी येते, याचे. खड्डा आणि त्यातला प्लास्टिकचा कागद यांची किंमत नंतर येते, आणि ती विकणारा सांगतो त्यापेक्षा बरीच कमी असते.

तळे कशाने भरते?

आपल्याकडे सर्रास दिसणारे ३० बाय ३० मीटरचे, ३ मीटर खोल तळे घ्या. काठांचा उतार एकास एक धरला तर तळाशी ते २४ बाय २४ मीटर होते आणि त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. माण, आटपाडी, जत या पट्ट्यात वर्षाचा सरासरी पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे तळ्याच्या तोंडावर थेट पडणारा सगळा पाऊस मिळून साडेचार लाख लिटर, फार तर तळ्याचा पाचवा हिस्सा. आणि मार्च ते मे या तीन महिन्यांत उघड्या पाण्यावरून रोज सात-आठ मिलिमीटर पाणी उडून जाते, ते पाच-साडेपाच लाख लिटरच्या घरात जाते. पडलेला पाऊस उन्हाळ्याच्या वाफेलाही पुरत नाही.

मग उरलेले सतरा-अठरा लाख लिटर येतात कुठून? कागद अंथरलेल्या तळ्याला चारही बाजूंनी उंच बांध असतो, त्यामुळे शेतातून वाहणारे पाणी सहसा त्यात शिरत नाही. ते उपसून घालावे लागते. विहिरीतून, बोअरमधून, टेंभू किंवा म्हैसाळच्या कालव्यातून, उरमोडी किंवा जिहे-कठापूरच्या पाण्यातून, नाहीतर ओढ्यातून. पाच अश्वशक्तीचा पंप तासाला वीस हजार लिटर देतो असे धरले तरी अठरा लाख लिटरला नव्वद तास लागतात. रोज आठ तास वीज मिळाली तर अकरा-बारा दिवस. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्या विहिरीला इतके दिवस सलग उपसा झेपतो का, हा सौद्यातला पहिला प्रश्न. तो विकणाऱ्याला विचारून भागत नाही. शेजारच्या दोन-तीन वस्त्यांवर जाऊन विचारा. "ह्यांचं तळं मागच्या साली कधी भरलं आणि कधी रिकामं झालं?" असे साधे विचारले की माणसे मोकळेपणाने सांगतात.

जमीन बघायला एप्रिल-मेमध्येच जावे. दिवाळीच्या सुमारास सगळा माणदेश हिरवा असतो आणि सगळी तळी भरलेली असतात. उन्हाळ्यात जाणे जमत नसेल तर कागदावरच्या पाण्याच्या खुणा बघा: कोणत्या उंचीपर्यंत शेवाळाचे आणि क्षाराचे पट्टे आहेत, वरचा मीटरभर कागद कधी भिजलेलाच दिसत नाही का? शिवाय गूगल अर्थवर त्याच जागेची जुन्या वर्षांची उपग्रह चित्रे फुकट बघता येतात. त्यातली उन्हाळ्यातली चित्रे शोधा. चार उन्हाळ्यांपैकी तीन उन्हाळे तळे कोरडे दिसले तर भावाची बोलणी तिथेच बदलतात.

नवे तळे करायला काय पडते?

तळ्याविना जमीन घेऊन स्वतः तळे केले तर किती पडेल, हे आधी काढावे. त्यावरूनच विक्रेत्याची जादा मागणी रास्त आहे की नाही ते कळते. पुढचे दर मी हिशेबाची रीत दाखवण्यासाठी धरले आहेत. मुरूम की खडक, गाव कोणते, हंगाम कोणता, यावर ते बदलतात. आपल्या गावच्या पोकलेनवाल्याला आणि कागदाच्या दुकानदाराला विचारून आकडे भरा.

वरच्याच मापाच्या तळ्याला सुमारे २२०० घनमीटर खोदाई लागते. मुरमात घनमीटरला ४५ रुपये धरले तर लाखभर रुपये. खाली कठीण खडक लागला आणि ब्रेकर लावावा लागला तर हाच आकडा दुप्पट होऊ शकतो, म्हणून शेजारच्या विहिरीचे थर बघून मगच जागा ठरवावी. काठ घोटणे, दगड-गोटे वेचणे आणि कागद पुरण्यासाठी चर काढणे याला पंधरा हजार. कागद तळ, चार बाजू आणि चरात दाबायची किनार मिळून साधारण १२५० चौरस मीटर लागतो. जोडणीसह चौरस मीटरला १०० रुपये धरले तर सव्वा लाख. कागद ५०० मायक्रॉनचा आणि आयएस १५३५१ या मानकाचा असावा, पावतीवर तसे लिहून घ्यावे. भोवतीच्या दीडशे मीटर जाळीच्या कुंपणाला साडेसदतीस हजार. पंप, पाइप, येण्या-जाण्याची तोंडे यांना पन्नास हजार. बेरीज सव्वातीन लाखांच्या जरा वर जाते.

आता जो खर्च बहुतेक जण धरतच नाहीत, तो जमिनीचा. तळ्याचे तोंड नऊ गुंठ्यांचे असले तरी बांध आणि फिरायची वाट धरून १४ गुंठे जातात. एकरी १२ लाखांचा भाव असेल तर गुंठा ३० हजारांचा, म्हणजे तळ्याखालची जमीनच ४ लाख २० हजारांची. खोदाई आणि कागदापेक्षा हा आकडा मोठा आहे. दोन एकरांच्या तुकड्यात ८० पैकी ६६ गुंठेच पिकाला उरतात. म्हणूनच तळे नेहमी मुरमाड, खडकाळ, एरवी पीक न देणाऱ्या कोपऱ्यात असावे. काळ्या, सपाट, चांगल्या रानात मधोमध खोदलेले तळे बघितले की मला त्या जमिनीची कीव येते. तशी जमीन घेताना विक्रेता पूर्ण क्षेत्राला एकच भाव लावत असेल, तर तळ्याखालच्या गुंठ्यांचा भाव वेगळा मागा.

सरकारी अनुदान यातून वजा करण्याची घाई करू नका. २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना सुरू झाली तेव्हा कमाल अनुदान ५० हजार रुपये होते. पुढे मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत ते ७५ हजारांपर्यंत गेले. कागदासाठीही, म्हणजे अस्तरीकरणासाठी, अनुदान आहे. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा, निवड व्हायची, पूर्वसंमती मिळायची आणि मगच काम सुरू करायचे, असा क्रम असतो. आधी खोदून मग अर्ज केला तर पैसे मिळत नाहीत. जमीन तुमच्या नावावर व्हायला, फेरफार मंजूर व्हायला काही महिने जातात. त्यानंतर निवडीची वाट. तेव्हा अनुदान मिळाले तर आनंद, पण हिशेब त्याच्याविना जुळला पाहिजे.

तळ्याचे पाणी लिटरला कितीला पडते?

भरलेल्या २२ लाख लिटरमधून वाफ वजा केली की बागेला सोळा-साडेसोळा लाख लिटर मिळतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर एक एकर द्राक्षबागेला भर उन्हात रोज चौदा हजार लिटरपर्यंत पाणी धरले तर हे चार महिने पुरते. डाळिंबाची एकरी तीनशे झाडे, प्रत्येकाला रोज चाळीस लिटर, तीन महिने, म्हणजे जवळपास अकरा लाख लिटर. त्यामुळे डाळिंब दीड एकराच्या आसपास जगते. त्याहून जास्त बागेची आशा एका तळ्यावर ठेवू नये. "तळं आहे, पाच एकर द्राक्ष निघंल," असे कोणी सांगत असेल तर त्याला बागेचा अनुभव नाही, किंवा विकण्याची फार घाई आहे.

आता खर्च. बांधकामाचे सव्वातीन लाख आणि जमिनीचे ४ लाख २० हजार मिळून साडेसात लाख. नऊ टक्के व्याजाने वर्षाचे सदुसष्ट हजार. कागद आठ वर्षांनी बदलायचा म्हणून दरवर्षी पंधरा-सोळा हजार बाजूला. दुरुस्ती, गाळ, इतर झीज यांचे अठरा हजार. एकूण वर्षाला लाखभर रुपये, म्हणजे लिटरला सहा-सव्वासहा पैसे. तेच तळे पडीक कोपऱ्यात असेल आणि जमिनीची किंमत धरायची गरज नसेल तर चार पैशांच्या आत येते. बारा हजार लिटरचा टँकर दोन हजारांना धरला तर लिटरला सोळा-सतरा पैसे होतात, आणि सोळा लाख लिटरला १३३ खेपा लागतात.

यावरून तळे नेहमीच स्वस्त असे वाटेल, पण तसे नाही. फळबाग असेल आणि दर उन्हाळ्याला पाणी लागत असेल तर तळे नि:संशय परवडते. पण ज्याला दर चार वर्षांतून एकदाच सोळा लाख लिटरची नड पडते, त्याला टँकरचे दोन लाख ६६ हजार चार वर्षांत वाटले तर वर्षाला सहासष्ट हजारच पडतात. लाखाचे तळे त्याला महाग आहे. आणि ज्याला ज्वारी, बाजरी, हरभरा, करडई घ्यायची आहे, कधीतरी एखादे संरक्षित पाणी द्यायचे आहे, त्याला कागद न घातलेले छोटे तळे किंवा विहिरीतला हिस्सा पुरतो. १५ बाय १५ बाय ३ मीटरच्या तळ्यात चार लाख चाळीस हजार लिटर मावतात; एका एकराला चार इंचांहून थोडे जास्त पाणी होते.

जुन्या तळ्याची खरी किंमत

समजा दोन एकर जमीन आहे, तळे सहा वर्षांपूर्वीचे आहे आणि विक्रेता एकरी अडीच लाख, म्हणजे एकूण पाच लाख जादा मागतो. खोदाई अजून उपयोगाची आहे, म्हणून लाख रुपये धरा; त्यातून गाळ काढायचे पंधरा हजार वजा. कागदाचे आठापैकी दोन वर्षे आयुष्य उरले, म्हणजे एकतीस हजार. पंप आणि पाइप अर्धे झिजलेले, पंचवीस हजार. कुंपण नाही. एकूण किंमत एक लाख चाळीस हजार, एकरी सत्तर हजार. यावर एका हंगामाची वाट वाचली म्हणून थोडे वर द्यायला हरकत नाही. पाच लाख मात्र तेव्हाच योग्य, जेव्हा तळ्यामागे पाण्याचा पक्का हक्क आहे आणि तो खरेदीखतात तुमच्या नावाने उतरतो.

गळती तपासायची रीत सोपी आहे. काठाजवळ पट्टी किंवा खुणेची काठी रोवा, पंप बंद ठेवायला सांगा आणि चोवीस तासांनी पातळी बघा. कडक उन्हाळ्यात सात-आठ मिलिमीटर उतरणे साहजिक आहे. पंधरा-वीस मिलिमीटर उतरले तर कुठेतरी कागद फाटला आहे. पाणी एका ठरावीक उंचीवर येऊन उतरायचे थांबते का तेही विचारा, कारण भोक बहुधा त्याच उंचीला असते. कागद सर्वांत आधी खराब होतो तो पाण्याच्या वरच्या भागात, उन्हाने. तिथे बोटाने दुमडून बघा. कडकडीत झाला असेल, पांढरे तडे पडत असतील तर तो संपला. खेकडे आणि उंदीर काठाला पोखरतात, तहानलेली कुत्री आणि शेळ्या खुरा-नखांनी ओरखडे काढतात. तळे महिनोन्‌महिने रिकामे ठेवले तर वारा खाली शिरून कागद उचलतो. आणि पावसाळ्यात भूजल वर आले की तळाचा कागद फुग्यासारखा वर येतो.

कागद नसलेल्या तळ्याचे माप निराळे. मुरमात असे तळे काही आठवड्यांत आटते, आणि विक्रेताही ते कबूल करतो. पण ते पाणी जमिनीत जाऊन खालच्या अंगाच्या विहिरीला मिळत असेल तर त्याची किंमत आहे. ती विहीर तुमच्या गटात आहे की शेजाऱ्याच्या, एवढेच बघायचे.

तळ्याविना जमीन कुठे बरी?

कृष्णाकाठी, म्हणजे वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांच्या काळ्या पट्ट्यात प्रश्न उलटा आहे. तिथे पाणी जास्त होऊन हजारो एकर जमीन क्षारपड झाली. अशा रानात तळ्यासाठी जादा पैसे देण्यापेक्षा निचऱ्याची पाइपलाइन घातली आहे का, ती कोणत्या ओढ्यात सोडली आहे, हे बघावे. मातीचा नमुना तपासून क्षार आणि सामू किती ते आधी कळून घ्यावे. तपासणीचा खर्च किरकोळ आहे, सुधारणेचा नाही. याच काठाला २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर येऊन गेले. पुराच्या रेषेखालचे तळे गाळाने भरते.

वाई, जावळी, पाटण, शिराळा या पश्चिमेच्या तालुक्यांत पुण्या-मुंबईची माणसे हौसेने तळे असलेली जमीन शोधतात. महाबळेश्वराला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण डोंगरउतारावर तो चार महिन्यांत वाहून जातो आणि फेब्रुवारीत झरे आटतात. तेव्हा तिथेही उन्हाळ्यातच जाऊन बघावे. महाबळेश्वर-पाचगणी भाग २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. पाटण, जावळीचा काही भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे. अशा ठिकाणी डोंगर फोडून तळे करणे दूरच, साध्या बांधकामालाही परवानग्या लागतात. तयार तळे दिसले तर ते परवानगीने केले आहे का, हे विचारायला संकोचू नका.

आणि जिथे कालव्याचे पाणी नियमित येते, तिथे मोठ्या तळ्याची गरज घटते. टेंभू योजना कराडजवळ कृष्णेचे पाणी उचलून कडेगाव, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि पुढे माण-खटावपर्यंत नेते. ताकारी आणि म्हैसाळ सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला पाणी देतात. या उपसा योजनांच्या वीजबिलाचा ८१ टक्के भार शासन उचलते आणि १९ टक्के पाणीपट्टीतून वसूल होतो. जमिनीचे नाव लाभक्षेत्रात आहे एवढ्यावर थांबू नका. दोन आवर्तनांत किती दिवसांचे अंतर पडते, शेवटच्या चारीपर्यंत पाणी पोहोचते का, गेल्या वर्षीची पाणीपट्टी भरली आहे का, हे पाटबंधारे शाखेत आणि चारीवरच्या शेतकऱ्यांकडे विचारा. आवर्तनाचे अंतर वीस-पंचवीस दिवसांचे असेल तर एकर-दीड एकर बागेला चार-पाच लाख लिटरचे तळे भागवते, मोठ्याला पैसे घालायचे कारण नाही.

दप्तरात काय बघायचे

शेतजमीन घेणारा शेतकरी असावा लागतो, ही १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ ची अट आहे. ती पूर्ण होत नसेल तर पुढचे सगळे वाचूच नये. सातबारा, आठ-अ, जुने फेरफार आणि तीस वर्षांचा शोध हे नेहमीचे. तळ्याच्या जमिनीत त्याखेरीज काही खास जागा बघायच्या असतात.

पहिली, पोटखराबा. सातबारावर तळ्याचे क्षेत्र पोटखराब 'ब' मध्ये असेल तर सावध व्हा. इतर लोक पिण्याला किंवा सिंचनाला वापरतात असे तळे, ओढा, रस्ता हे त्या वर्गात येतात. ते पाणी तुमच्या एकट्याचे नाही. तसेच शेताला पाझर तलाव लागून असेल तर गटाचा काही भाग संपादित झाला आहे का, बुडीत क्षेत्र किती, याची नोंद भूमी अभिलेखकडून काढा. जुने संपादन सातबारावर चढलेले नसते, असे बरेचदा होते.

दुसरी, इतर अधिकाराचा रकाना. सोसायटीचा आणि बँकेचा बोजा तिथे दिसतो. तिथेच पुनर्वसनाचा शेराही असतो. धोम, उरमोडी, वारणा यांसारख्या प्रकल्पांच्या लाभक्षेत्रातल्या गावांत प्रकल्पग्रस्तांना जमीन देण्यासाठी हस्तांतरणावर निर्बंध आलेले असतात. शेरा असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परवानगीविना इसार देऊ नका. भोगवटादार वर्ग २ ची जमीनही परवानगीशिवाय घेता येत नाही.

तिसरी, अनुदानाचे तळे. त्याची नोंद सातबारावर असायला हवी. सामूहिक शेततळे असेल तर लाभार्थ्यांचा करार मागा आणि पाण्याचे वाटप वाचा. तळे विकणाऱ्याच्या गटात असले तरी पाण्यात चौघांचा वाटा असू शकतो. या गटावर आधी लाभ घेतला आहे का, हे कृषी सहायक सांगतात.

चौथी, पाणी येण्याची वाट. विहीर दुसऱ्या गटात असेल तर तिच्यातला हिस्सा, चार आणे की दोन आणे, खरेदीखतात स्वतंत्र लिहिला पाहिजे. पाइपलाइन दुसऱ्याच्या रानातून येत असेल तर तोंडी संमती विक्रेत्याबरोबरच संपते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४९ खाली दुसऱ्याच्या जमिनीतून पाण्याची वाट तहसीलदारांकडून मिळवता येते, पण ती मिळेपर्यंत बाग थांबत नाही. नदीवरून पाणी उचलत असतील तर जलसंपदा विभागाचा परवाना कोणाच्या नावावर आहे ते बघा.

लहान तुकडा घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ऑगस्ट २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला किमान २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असे प्रमाणभूत क्षेत्र आहे. "तळं आणि भोवतीचे पाच गुंठे तेवढे घ्या," असा सौदा नोंदवता येत नाही. विहिरीसाठी पाच गुंठ्यांपर्यंत जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने सवलत आहे. शेततळ्याला ती आपोआप मिळेल असे धरू नका.

मोजणी खरेदीआधीच करून घ्यावी, कारण तळ्याचा बांध शेजाऱ्याच्या हद्दीत गेलेला नंतर सापडला तर तो हलवता येत नाही. ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत नियमित मोजणीला २००० आणि द्रुतगतीला ८००० रुपये शुल्क आहे. नोंदणी शुल्क एक टक्का, कमाल ३० हजार. मुद्रांक शुल्क रेडीरेकनर किंवा ठरलेली किंमत, यातल्या जास्त रकमेवर. वकील, शोध, टंकलेखन धरून किमतीच्या सात-आठ टक्के रक्कम वेगळी ठेवावी.

काठ आणि शेजार

कागदाचे तळे जितके उपयोगी तितकेच जिवावरचे. ओल्या प्लास्टिकवर पाय ठरत नाही. पोहता येणारा माणूसही एकदा आत गेला की त्याला काठ चढता येत नाही. दर उन्हाळ्याला आपल्या भागात शेततळ्यात मुले बुडाल्याच्या बातम्या येतात, आणि कित्येकदा एकाला वाचवायला गेलेला दुसराही जातो. म्हणून कुंपण, कुलपाचे फाटक, चारही बाजूंना गाठी मारलेला जाड दोर आणि टायर, हे खर्चाच्या यादीत पंपाच्याही आधी लिहा. कुंपण नसलेले तळे विकत घेतले तर पहिला आठवडा त्याचाच. यात काटकसर करू नये, एवढे कळकळीने सांगतो.

शेजाऱ्याचेही पाणी असते. पावसाळा संपता संपता बोअर चालवून तळे भरले की भूजल उघड्यावर येते, त्यातले चौथाई वाफ होऊन जाते आणि जानेवारीत शेजारच्या विहिरी कोरड्या पडतात. २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटरहून खोल विहिरींवर अधिसूचित क्षेत्रांत निर्बंध ठेवले आहेत. पण कायद्यापलीकडेही बघण्यासारखे आहे: खानापूर तालुक्यात येरळेवर बलवडी-तांदूळवाडीच्या लोकांनी उभारलेल्या बळीराजा स्मृती धरणाने भूमिहीनांनाही पाण्याचा वाटा दिला. याच तालुक्यांतला हा वारसा आहे. फक्त खोल बोअरवर जगणाऱ्या तळ्याला मी तरी जादा पैसे देणार नाही. ते गावात भांडण घेऊन येते आणि दोन-चार वर्षांत बोअरही जाते.

सौदा पक्का करताना साठेखतात तळ्याचे माप, कागदाचे वर्ष, पंप, पाइप, विहिरीतला हिस्सा, येण्या-जाण्याचा रस्ता हे एकेक लिहून घ्या. सौदा हिवाळ्यात होत असेल तर काही रक्कम मे अखेरीपर्यंत रोखून ठेवायची अट घालता येते. ज्याचे तळे खरोखर भरते तो तिला सहसा नाही म्हणत नाही. महावितरणच्या मीटरची थकबाकी शून्य असल्याचा दाखला घ्या आणि खरेदीनंतर लगेच नाव बदला. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ पासून मोफत विजेची योजना आहे. मीटर जुन्या मालकाच्या नावावर ठेवून तिच्या आधारावर बागेचे गणित मांडू नका. जोडणीच नसेल तर सौर कृषिपंपासाठी अर्ज करता येतो. त्यात शेतकऱ्याचा वाटा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच टक्के असतो, आणि अर्जाला तुमच्या नावाचा सातबारा लागतो. म्हणून फेरफाराची नोटीस निघाली की तलाठ्याकडे पाठपुरावा सुरू ठेवावा.